चिपळूणहून लावून आणलेली धार

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, कारण हा घोळ मी स्वतःच्या हातांनी, दोन तास घासून घासून घातलाय.

मी रत्नागिरीत शाळेत गणित शिकवतो आणि सुट्टीत सुतारकाम करतो. स्वयंपाकघराचे ड्रॉवर नवे करायला घेतले होते. जुने काढून टाकलेले, त्यामुळे बायको आठवडाभर बादलीत चमचे शोधत होती.

ड्रॉवरचा तळ बसवायला फळीत खाच पाडावी लागते. ती राउटर या यंत्राने, त्यात सहा मिलिमीटरचं बिट, म्हणजे गरगर फिरणारं छोटं पातं लावून. माझं बिट बोथट झालं, लाकूड जळायला लागलं. मग काय, हिऱ्याची कानस आणली आणि बिट बाहेरच्या अंगाने घासून काढलं. कसलं चमकलं म्हणता!

खाच पाडली. सहा मिलिमीटरचं प्लायवुड काही आत शिरेना.

शहाणा माणूस काय करेल? मी दुकानात भांडायला गेलो.

दुकान सुर्वेकाकांचं. पूर्वी जहाजावर फिटर होते. आता प्लायवुड विकतात आणि मागच्या बाकावर गावभरच्या हत्यारांना धार लावतात.

"काका, तुमचं प्लाय फुगलंय."

"हवा दमट, फुगलं असेल," म्हणाले आणि निमूट दुसरा तुकडा दिला. तोही शिरेना. परत गेलो. वेगळ्या कंपनीचा दिला. तोही नाही. तिसऱ्या खेपेला मी आवाज चढवला, "सगळाच माल जाड कसा हो तुमचा?"

काकांनी व्हर्नियर काढून प्लाय मोजलं. बरोबर सहा. "बिट आणलंय?" मी दिलं. तेही मोजलं. साडेपाच.

"मास्तर, याला धार कुणी लावली?"

"चिपळूणला एक जण आहे," मी म्हणालो. का म्हणालो, कोण जाणे.

"बाहेरून घासलंय त्याने. तसं केलं की बिट बारीक होतं, खाच अरुंद पडते. घासायचं ते आतलं सपाट अंग."

पिशवीत माझं दुसरं, बारा मिलिमीटरचं बोथट बिटही होतं; ते घेऊन त्यांनी आधी ब्रशने त्याच्यावरचा लाकडाचा चिकटा काढला. मग हिऱ्याच्या ओल्या पट्टीवर सपाट अंग टेकवलं. बिटाला दोन धारा; एकीला आठ घासे, दुसरीला मोजून आठ. "कमीजास्त झालं तर फिरताना थरथरतं." सत्तरीतला माणूस, पण हात केसभर ढळेल तर शपथ. नखावर धार टेकवून बघितली, तशीच रुतली. मी भांडायला आलोय हे विसरून बघत राहिलो. बाहेरून घासलं की व्यास कमी, हे मी पोरांना वीस वर्षं फळ्यावर शिकवतोय बरं का.

"त्या चिपळूणवाल्याला पाठवा माझ्याकडे. शिकवतो त्याला."

"त्याला वेळ नसतो हो, काका."

"मग एवढा निरोप द्या. नखातली ही काळी पूड नुसत्या साबणाने जात नाही म्हणावं."

मी दोन्ही हात खिशात घातले.

सहाचं नवं बिट घेतलं, ड्रॉवर झाले, चमचे बादलीतून निघाले. पुढच्या रविवारी मी गुमान शिकायला गेलो. दुकानात पाच-सहा गिऱ्हाइकं उभी. काकांनी स्टूल पुढे सरकवलं आणि सगळ्यांदेखत म्हणाले, "या चिपळूणकर, बसा."

माझं खरं आडनाव आता फक्त शाळेच्या मस्टरवर उरलंय.