मामाचा मूकपट

अख्ख्या मुळशी तालुक्यात अमेरिकेच्या माणसांना मराठी बोलायला लावणारा माणूस एकच, आणि तो माझा सख्खा मामा आहे, हे मी कुणी न विचारताही सांगतो. पिरंगुटच्या कंपनीतून निवृत्त झाल्यावर लोक गुडघे चोळत बसतात. मामाने प्रोजेक्टर घेतला. कासार आंबोलीच्या आमच्या विहारात पौर्णिमेची वंदना आटोपली, की सभागृहाच्या खिडक्या लागायच्या, भिंतीवर चादर चढायची आणि एक जुनापुराणा अमेरिकन मूकपट सुरू व्हायचा. नेहमी तोच. एका गरीब मुलीला श्रीमंत जमीनदार भर बर्फात घराबाहेर काढतो, अशी त्याची गोष्ट. मधूनमधून इंग्रजी पाट्या येत, पण मामा त्यांच्याकडे ढुंकूनही पाहत नसे. "मानसं समोर हायेत की, वाचायचं कशाला?" म्हणायचा, आणि चादरीशेजारी उभा राहून सगळ्यांचं एकटाच बोलायचा. जमीनदार गरजायचा, "चालती हो! पुन्ना हितं दिसू नगंस!" लगेच आवाज बारीक करून मुलगी रडायची, "मालक, ताम्हिणीसारका पाऊस लागलाय, कुटं जाऊ?" बर्फ आमच्यात पाहिला होता कुणी! बायका पदर डोळ्यांना लावत.

यंदा मामाच्या घशाचं ऑपरेशन झालं आणि आवाज गेला. परत येणार नाही, असं डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं. खेळ बंद पडणार, हे आम्ही धरूनच चाललो होतो. वैशाखी पौर्णिमेला मामाने मात्र चादर बांधलीच. चित्र सुरू झालं. पंख्याची घरघर तेवढी ऐकू येत होती. जमीनदाराने दाराकडे बोट दाखवलं, मामाने तोंड उघडलं, आणि नुसती हवा बाहेर आली. मला उठून जावंसं वाटलं.

तेवढ्यात बायकांतून शेजारच्या सुमनकाकू कडाडल्या, "ए, बोट कुनाला दावतोस? न्हाई ऱ्हायचं तुज्या घरात! पिरंगुटला कंपनीत लागंन!"

सभागृह हसून लोळलं. मग जमीनदाराच्या वतीने कुणी बोललं, त्याच्या आईच्या वतीने कुणी. मामाने इतकी वर्षं त्या पोरीला रडवलं होतं. काकूंनी तिला एका दमात नोकरीला लावलं. आणि मामा मांडीवर थाप मारून हसत होता, आवाज न करता, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत.

आता दर पौर्णिमेला खेळ होतो. कुणी कधी बोलायचं ते मामा हाताने सांगतो, आणि कुणी चुकलं की कपाळाला हात लावतो. काकूंना ऐकायला पौडहूनही माणसं येतात. माझी छाती फुगते. तरी चादरीवर उजेड पडला की वाटतं, एकदा, फक्त एकदाच, ती मुलगी मामाच्या आवाजात रडावी.