खाडीकडच्या शेताचं कार्ड

गावोगाव फिरून शेतातली माती गोळा करायची, ती तपासायला पाठवायची आणि मग कुठलं खत किती घालायचं ते शेतकऱ्याला सांगायचं, हे काम मी पनवेल तालुक्यात बरीच वर्षं केलं. काम मला आवडायचं. त्यातलं आपल्याला फार कळतं असा माझा समजही होता. आता निवृत्त होऊन खांदा कॉलनीत राहतो, सकाळी फिरायला जातो, गुडघ्यांना तेल लावतो. सगळं सुरळीत आहे म्हणायचं. पण एक शेत माझ्या मागे लागलंय. त्या शेतावर आता इमारत उभी आहे, तरी ते माझा पिच्छा सोडत नाही.

नोकरीत असताना माझी भांडणं व्हायची ती खताच्या दुकानदारांशी. भेंडी असो की वांगी, जमीन डोंगराकडची असो की खाडीकडची, दुकानदार सगळ्यांना एकच गोणी उचलून द्यायचा. शेतकरीही कमी नव्हते. शेजाऱ्यानं काय नेलं ते विचारायचे आणि तेच मागायचे. मग मी गावातल्या बैठकीत उभा राहून म्हणायचो, "डॉक्टर एकाचं रक्त तपासून दुसऱ्याला गोळ्या देतो का?" लोक हसायचे, माना डोलवायचे. हे वाक्य मी प्रत्येक गावात वापरलं आणि दर वेळी जणू तिथेच सुचलंय अशा थाटात वापरलं.

आमच्या भागात माती दोन तऱ्हांची. डोंगराच्या बाजूला आणि गावठाणाच्या उंचवट्यांवर लाल, मोकळी, पाणी न धरणारी. खाडीच्या बाजूला काळपट राखी, चिकट, आणि उन्हाळा चढला की तळातलं मीठ वर आणणारी. लाल मातीतल्या भाजीला पोटॅश कमी पडतं, ते वरून द्यावं लागतं. खाऱ्या मातीत तेच पोटॅश सढळ हातानं टाकलं तर मिठात मिठाची भर पडते. तिथे आधी गोड्या पाण्यानं मीठ धुऊन काढायचं, शेणखत भरपूर घालायचं आणि रासायनिक खत बेतानं, थोडं थोडं करून द्यायचं. हे मला झोपेतून उठवून विचारलं असतं तरी मी घडाघडा सांगितलं असतं.

उलव्याच्या बाजूला एका गावात एक विधवा बाई राहायची. साठी उलटलेली, काटक, बोलायला कमी. तिचं माहेर मिठागरावर काम करणाऱ्यांचं. मी तिला मावशी म्हणायचो. खाडीच्या बांधाला लागून तिचं एकच शेत होतं. विमानतळाच्या कामामुळे आजूबाजूला दिवसभर डंपर चालायचे, भराव पडायचे, आणि तिच्या मुलाला शेत बिल्डरला द्यायचं होतं. मुलगा वाईट नव्हता. भात परवडत नाही हे तो म्हणायचा ते खरंच होतं. शेवटी मायलेकांचं असं ठरलं, की भात निघाल्यावर तिनं एक हंगाम भाजी करून बघायची. भाजी आली तर शेत राहील. नाही आली तर ती मुकाट्यानं सही करील.

हे मला तिनंच अंगणात उभं राहून सांगितलं. "म्हनून तुमाला बोलावलं, साहेब. माजं सासर त्या शेतावर जगलं. माती बघा आन काय घालू त्ये सांगा."

त्या दिवशी सकाळी मी तिच्या शेजाऱ्याच्या, गावालगतच्या शेतातली माती घेतली होती. माती काढायची रीत तिनं बांधावर उभं राहून पाहिली होती: सात-आठ ठिकाणी वीतभर खोल खड्डा, कडेची माती तासून घ्यायची, सगळी एकत्र करून त्यातली थोडी पिशवीत भरायची. पण तिच्या शेताकडे जाणारी वाट भरतीच्या पाण्यानं फुटली होती. गुडघाभर चिखल. माझ्या पायात नवे बूट होते आणि अजून दोन गावं उरकायची होती. मी कापडी पिशवी तिच्या हातात दिली आणि म्हणालो, "मावशी, तुम्हीच घेऊन या. बघितलंत ना कशी काढायची?"

तिनं माझ्याकडे जरा बघितलं. मग पिशवी घेऊन घरामागे गेली. मी ओटीवर बसून चहा पीत होतो. चहा संपायच्या आत ती परत आली.

माती हातावर घेऊन अंगठ्यानं चोळून बघायची माझी सवय. मी हात पुढे केला, तिनं पिशवीतली मूठभर माती त्यावर ठेवली. माती लाल होती. कोरडी, भुसभुशीत, बोटांतून सरसर गळणारी. खाडीच्या बांधालगत अशी माती सापडणं शक्यच नव्हतं. ती घरामागच्या परसातली होती, आणि हे कळायला मला क्षणही लागला नाही. ती माझ्या तोंडाकडे बघत होती.

मी म्हणालो, "छान आहे." आणि चिठ्ठीवर तिच्या शेताचा गट नंबर लिहिला.

का लिहिला, याची कारणं मी पुढे पुष्कळ शोधली. गाडीवाला घाई करत होता. महिन्याचे नमुने पुरे करायचे होते. परत पाठवलं तर म्हातारीला वाईट वाटेल. सगळी कारणं खोटी नाहीत, पण खरं कारण चिखल होता. मला त्यात उतरायचं नव्हतं.

यथावकाश माती तपासणीचं कार्ड आलं. लाल मातीचं जसं यायला हवं तसंच आलं. खारेपणा नाही, पोटॅश कमी. मी ते स्वतः घेऊन गेलो आणि तिला वाचून दाखवलं.

"खाऱ्याचं काय लिवलंय?" तिनं विचारलं.

"ठीक आहे असं लिहिलंय."

"ठीक हाय?"

"हो, मावशी. पोटॅश मात्र नीट घाला, हात आखडू नका."

तेव्हा तरी सांगायला हवं होतं. कार्ड फाडायचं आणि बूट काढून शेतात उतरायचं, एवढंच होतं. पण आपलं चुकलं असं म्हणायची जी लाज वाटते, तिच्यापुढे मी नेहमीच शेपूट घातली आहे. तिनं भेंडी लावली. कार्डात होतं तसं, मापानं, सगळं घातलं.

जानेवारीत भेंडी छान होती. मी लांबून, रस्त्यावरूनच बघितली आणि सुटलो म्हणालो. मार्चमध्ये गेलो तेव्हा पानांच्या कडा इस्त्रीनं भाजाव्यात तशा तपकिरी झाल्या होत्या. सऱ्यांमध्ये मिठाची पांढरी साय धरली होती. भेंड्या बोटाएवढ्या, वाकड्या. मावशी घरच्या नळाचं प्यायचं पाणी कळशीनं आणून एकेका रोपाच्या बुडाशी ओतत होती. सगळ्या शेताला पुरणार नाही हे तिलाही कळत होतं. ती एका रोपापाशी वाकायची, ओतायची, पुढच्याकडे जायची. मी म्हणालो, "यंदा ऊन फार लवकर तापलं." तिनं रिकामी कळशी उचलली आणि घराकडे वळली. अक्षय्य तृतीयेच्या आधी सही झाली.

त्यानंतर मी भेंडी खाऊ शकत नाही असं म्हटलं तर ते नाटकी होईल. मी खातो. पण बाजारात भाजीवाल्यापुढे उभा राहिलो की हात आधी वाकडी भेंडी उचलतो. दुपारी डोळा लागला की कळशी घेतलेली पाठ दिसते. ती वाकते, ओतते, पुढे जाते, आणि मी रस्त्यावरूनच बघत राहतो. उलव्याला कुणाकडे गेलो की त्या इमारतींमधली नेमकी कुठली तिच्या शेतावर आहे ते मी मोजत बसतो. एकदा तर आत शिरून तळमजल्याच्या भिंतीला हात लावला. प्लास्टर फुगलं होतं, मिठाचा पांढरा लोणा लागला होता. वॉचमननं विचारलं, कोण पाहिजे? इमारत चुकली म्हणालो आणि बाहेर पडलो.

गेल्या वर्षी कळलं, की मायलेक कोन गावात फ्लॅट घेऊन राहतात आणि मावशी आता फारशी उठत नाही. तेव्हा मात्र मी गेलो. मुलगा चहा करायला आत गेला आणि मी खुर्ची तिच्या पलंगाजवळ ओढली.

"मावशी, ती माती तुमच्या शेतातली नव्हती. मला त्याच वेळी कळलं होतं."

"मना ठावं हाय," ती म्हणाली. "तुमच्या तोंडावर दिसलं."

"मग तुम्ही दिलीत कशाला?"

"मीठ कोनाच्या हातावर देत नाय. भांडन व्हतं. माजा बाप मिठागरावर व्हता, त्यानं जन्मात कोनाच्या हातावर मीठ ठेवलं नाय. खाली ठेवायचं, ज्याला पायजे त्यानं उचलायचं. तुमी तर माती हातावर घेऊन चोलता, मी बगितलं व्हतं. आमची मिठाची माती तुमच्या हातावर कशी ठेवू?"

"सांगायचं तरी."

"तुमी इचारलं असतं तर लगेच शेतावर न्येलं असतं. तुमी आपल्या हातानं उचलली असती. तुमी इचारलंच नाय. मना वाटलं, साहेबाला कललंय, साहेब खाऱ्याचाच कागद करून आनंल. मंग तुमी पोटॅश घाला म्हनालात. मी घातलं."

मी तिचे पाय धरायला वाकलो. तिनं हातानंच अडवलं.

"पोराला यातलं बोलू नका. जमिनीत कायच नाय असं समजून त्यानं सही घेतली. आता त्याला कललं तं त्यो रातदिस त्येच घेऊन बसंल."

तेवढ्यात मुलगा चहा घेऊन आला. माझ्यासमोर बसला, आणि फार आदरानं बोलला. "साहेब, तुमचे उपकार आहेत. आई एवढी राबली, सगळं तुम्ही तपासून सांगितलं तसंच केलं. तरी पीक गेलं. म्हणजे जमिनीतच दम नव्हता. त्यामुळे विकल्याचं मनाला कधी लागलं नाही. बरोबर ना?"

मावशीनं डोळे मिटून घेतले होते.

"बरोबर," मी म्हणालो, आणि चहा संपवून निघालो.