पाण्यावरची कोरी पट्टी

वासू गेल्याचा निरोप अमडापूरहून एसटीच्या कंडक्टरनं आणून दिला, त्याला आता तीन आठवडे झाले. खरं सांगतो, दुःखाच्या आधी मला सुटल्यासारखं वाटलं... आता तो मला ते कधीच विचारणार नव्हता. मग स्वतःचीच भीती वाटली.

चिखलीच्या एकाच शाळेत आम्ही मास्तर होतो. तो चित्रकलेचा, मी गणिताचा. मी पहिल्यापासून भित्रा. वर्गात साप निघाला तेव्हा पोरांच्या आधी मी बाकावर चढलो होतो, आणि वासूनं ते गावभर केलं. पण महाराष्ट्र राज्य झालं त्याच्या पुढच्या हिवाळ्यात, एका तिन्हीसांजेला तो माझ्यासोबत चालता चालता सरळ नालीत पडला. उठून हळूच म्हणाला, "गणू, दिवस कलला का मले दिसत नाही बे. डॉक्टर म्हनते, पुढं दिवसाबी नाही दिसनार. कोनाले सांगू नको."

डोळे पुरते जायच्या आधी त्याला एकच चित्र काढायचं होतं. लोणारच्या तळ्यावरचा सूर्यास्त, तेलरंगात. जपून ठेवलेल्या रंगाच्या नळ्या आणि तेलघाणीवरचं जवसाचं तेल घेऊन आम्ही गेलो आणि अर्ध्या उतारावर एका खडकावर बसलो. त्यानं पाटीवर रंग ठरल्या क्रमानं मांडले होते, न पाहता हाताला सापडावेत म्हणून. ऊन उतरल्यावर मी रंग सांगायचा आणि त्यानं लावायचा, असं ठरलं होतं. आभाळ झालं, काठ झाला, झाडी झाली. पाण्याची एक पट्टी त्यानं मुद्दाम कोरी ठेवली. सूर्य काठाआड गेल्यावर पाण्यावर येते ती लाली त्याला तिथं हवी होती.

सूर्य गेला. खाली झाडीत काहीतरी खसफसलं. पायवाट सगळी सुट्या मुरुमाची, याला दिसत नाही, माझ्या दोन्ही हातांत ओलं चित्र असणार... एक पाय घसरला की दोघंही खाली.

"गणू, आली का लाली?"

तेव्हाच येत होती. बघता बघता तळंभर पसरली.

"नाही रे," मी म्हणालो. "उजेड गेला. चाल आता."

तो क्षणभर कुंचला तसाच धरून बसला, मग त्यानं तो पुसला.

माझ्या उपरण्याचं एक टोक त्याच्या कमरेला, दुसरं माझ्या कमरेला बांधून मी त्याला वर आणलं. काठावर मोळी टेकवून एक बाई उभी होती. ती आपल्याशीच म्हणाली, "काय लाल झालं व माय आज तयाचं पानी! अजून हाये."

वासू थबकला. तो एवढंच म्हणाला, "चाल, गाडी चुकन."

पुढं डॉक्टरचं खरं ठरलं. तेलरंग त्यानं पुन्हा काढले नाहीत. नोकरी सोडून तो अमडापूरला गेला. मी जायचो, पण त्या चित्राकडे पाठ करून बसायचो. आज विचारेल, उद्या विचारेल, या धास्तीत इतकी वर्षं गेली.

तेरवीला गेलो तेव्हा पहिल्यांदा चित्रासमोर बसलो. पट्टी कोरीच होती. वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, कोनाकडून भरून घ्या म्हनलं तर आयकत नव्हते. म्हनत, तेथचा रंग गणूनं पाह्यला हाये. सांगन तो कधी तरी."

सांगतो, वासू. मी भ्यालो होतो रे. आधी तांबडा होता, मग कडेनं जांभळा पडत गेला... आणि ती बाई खरं बोलत होती. आपण वर पोचलो, तेव्हाही तो होता.