दोनदा बटण म्हणजे ऐकतोय

पोलीस भरतीत माझी उंची कमी भरली. त्याला बरीच वर्षं झाली, राग मात्र अजून गेलेला नाही. उल्हासनगरला कॅम्प तीनमध्ये जीन्सच्या एका कारखान्यात मी हिशेब बघते, संध्याकाळी पालेगावच्या फ्लॅटवर येते आणि कानाला हेडफोन लावून पोलीस होते. ऑनलाइन गेम आहे. एक खोटं शहर, त्यात आमची खोटी चौकी. गस्त घालायची, चोर धरायचे आणि सगळं बोलणं वायरलेसवर. तिथे उंची कोणी मोजत नाही. घरचे हसतात, तर हसोत बापडे.

आमच्या ग्रुपला नियम फार, आणि ते सगळे साहेबांनी केलेले. साहेब म्हणजे ग्रुपचे प्रमुख. त्यांचं खरं नाव कोणालाच ठाऊक नव्हतं, कारण पहिला नियमच तो होता: नाव विचारायचं नाही, गाव विचारायचं नाही. वायरलेसवर घरचं काही बोलायचं नाही. आईला ताप आला तरी आधी 'ड्यूटी ऑफ' म्हणायचं, खेळातून बाहेर पडायचं, मग काय रडायचं ते रडायचं. चोर झालेल्यालाही शिवी द्यायची नाही. बोलताना बटण दाबायचं, पण ते दाबून धरायचं नाही, लाइन अडते. आणि घरात पाहुणे आहेत, मूल झोपलंय, तोंड उघडता येत नाही, अशा वेळी बटण नुसतं दोनदा दाबायचं. टक, टक. म्हणजे ऐकतोय. हा नियम मला फार आवडायचा. माणूस न बोलता हजर राहायचा.

साहेब स्वतः मात्र कधी टक टक करत नसत. त्या खरखरणाऱ्या आवाजात ते एकदा सुरू झाले की थांबतच नसत. कोणी उगाच सायरन वाजवला तरी त्यावर कीर्तन व्हायचं.

त्या रविवारी दुपारी कंट्रोलवर मी होते, म्हणजे हजेरी माझ्याकडे. साहेबांचा नंबर पुकारला. टक, टक. मला हसूच आलं. म्हटलं, आज कुठल्या तरी लग्नाच्या पंगतीत अडकलेत. गस्त सुरू झाली. आमच्याच एकाने सिग्नल तोडून आमचीच गाडी ठोकली. एरवी साहेबांनी त्याची सालटी काढली असती. मी नंबर पुकारला. टक, टक.

बटण दाबलं की तेवढ्यापुरती पलीकडची खोली ऐकू येते. पंखा फिरत होता. त्याखाली फरशीवरून गोणपाट ओढावं तसा एक आवाज होता.

तेवढ्यात आमच्या सोसायटीचा वॉचमन भोंग्यावर ओरडला, "पानी सोरलंय, टाक्या भरून घ्या." रोज ओरडतो, दोनदा, आणि मध्ये खोकतो. तो खोकला, त्याच वेळी साहेबांचं बटण दबलं. खिडकीतून आलेला खोकला हेडफोनमधून पुन्हा आला. किंचित उशिरा.

माझाच माईक चालू राहिला असेल म्हणून बघितलं. बंद होता. वॉचमन पुन्हा ओरडायला लागला तसा मी मुद्दाम साहेबांचा नंबर पुकारला. टक, टक, आणि त्यात 'टाक्या' एवढाच तुकडा. ज्या माणसाला मी कुठे दूर, नागपूरला नाहीतर दुबईला बसवलं होतं, तो माझ्याच भिंतींमध्ये कुठेतरी होता.

"साहेब, तब्येत ठीक आहे ना?" मी विचारलं.

काहीच आलं नाही. लगेच एक जण म्हणाला की कंट्रोल, पर्सनल नको, नियम आहे. खेळात तेवढ्यात बँक फुटली आणि सगळे तिकडे धावले. मी तशीच बसून राहिले. दोनदा म्हणजे ऐकतोय. 'नाही' म्हणायला साहेबांनी काही ठेवलंच नव्हतं. मी पुन्हा बटण दाबलं.

"साहेब, तुम्ही पालेगावला राहता का?"

मग टक, टक.

मी म्हटलं, बटण सोडू नका, दाबून धरा, नियम गेला खड्ड्यात. त्यांनी धरलं. ती सगळी खोली माझ्या कानात आली, आणि मघाचा गोणपाटाचा आवाज म्हणजे श्वास होता हे मला तेव्हा कळलं. खेळ मोबाइलवर घेतला आणि चप्पल न घालताच दाराबाहेर पडले.

आमच्या इमारतीत निम्मे फ्लॅट रिकामे आहेत. घेणाऱ्यांनी घेऊन ठेवलेत, दारांवरचं प्लास्टिकसुद्धा निघालेलं नाही. बिल्डरने सगळ्यांना एकच बेल दिली आहे, चिमणीच्या आवाजाची. वरच्या मजल्यापासून मी एकेक बेल दाबत सुटले. दाराआड चिमणी ओरडायची आणि कानात नुसता श्वास. वॉचमन मागोमाग आला. "मॅडम, कोन हाय तो? नाव काय?" मला नाव कुठे माहीत होतं? साहेब, एवढंच म्हटलं. झपाटलेल्या बाईकडे बघावं तसा तो बघत राहिला.

एक दार मी सोडलं होतं. माझ्या खालच्या मजल्यावरचे एकटे राहणारे गृहस्थ. कोणाशी बोलायचे नाहीत, लिफ्टमध्ये कागद चिकटवायचे. पॅसेजमध्ये चपला ठेवायच्या नाहीत. लिफ्टचं दार धरून गप्पा मारायच्या नाहीत. माझ्या चपलांच्या स्टँडवरून आमचा अबोला होता. मी त्या दाराशी आले आणि बेल दाबली. चिमणी आत ओरडली. मग माझ्या कानात ओरडली.

"साहेब, दारात आलेय," मी म्हटलं. कानातली खोली बंद झाली. टक, टक.

वॉचमनने पहारीने दार उचकटलं. साहेब पलंगाशेजारी फरशीवर पडले होते, उजवं अंग गेलेलं, तोंड वाकडं, डाव्या हातात मोबाइल आणि अंगठा बटणावर. वेळेत आणलंत, असं डॉक्टर म्हणाले. साहेब वाचले, वाचा मात्र गेली.

हॉस्पिटलात मला त्यांचा भयंकर राग आला. एवढे नियम केलेत, मेलं एक मदतीचा करायला काय झालं होतं, असं मी त्यांना तोंडावर म्हटलं आणि तिथेच रडले. त्यांनी डाव्या हाताने माझं बोट दोनदा दाबलं.

आता त्यांची मुलगी बदलापूरहून येऊन त्यांच्याजवळ राहते. ती बाहेर गेली की त्यांच्या घराची किल्ली माझ्याकडे असते. ग्रुपमध्ये नवा नियम आम्हीच केला: तीनदा बटण म्हणजे या. जित्याची खोड, साहेब अजून रोज हजेरीला असतात. मी नंबर पुकारते. टक, टक. खाली पंखा फिरत असतो. पुढचा नंबर पुकारायचा असतो, सगळे खोळंबलेले असतात, आणि मी किल्ली मुठीत धरून तिसऱ्या टकची वाट बघत बसते.