जावईबापूंचा मंगळवार

आमच्या गावच्या अग्निशमन दलातल्या एका गड्याला सगळे जावईबापू म्हणतात. वीस वर्षं बंबावर होता, शिडीवर सरसर चढायचा. मग गुडघा गेला आणि वरच्यांनी त्याला घरोघर जाऊन आगीपासून कसं जपायचं ते शिकवायला लावलं. जाईल तिथे आधी खुर्ची, मग चहा; म्हणून सोबत्यांनी हे नाव ठेवलं. सुरुवातीला बिचाऱ्याचं तोंड एवढंसं झालं होतं. आगीत शिरणारा माणूस, आणि आता लोकांच्या घरी धूर झाला की वाजणाऱ्या गजरांचे सेल बदलत हिंडतोय.

तो आमच्या आक्काकडे आला, ती गंमत सांगतो. आक्का माझी थोरली बहीण. वय चौऱ्याऐंशी, एकटी राहते, कुणाच्या बापाचं ऐकत नाही. मागे तिनं दूध तापत ठेवलं आणि शेजारणीशी बोलत बसली. पातेल्याचा कोळसा झाला. भाचा धावत आला. म्हणाला, बास, आता आई माझ्याकडेच राहणार. आक्कानं जेवण टाकलं. शेवटी मी मध्ये पडलो. म्हटलं, बंबवाल्यांना घर दाखवू, ते म्हणतील तसं.

जावईबापूनं चहा संपवला, स्टुलावर चढून धुराचा गजर खाली काढला. आत सेलच नाहीत. कांदा परतला की मेला बोंबलतो, म्हणून आक्कानं ते काढून रेडिओत घातलेले. भाच्यानं माझ्याकडे असं पाहिलं की मी चष्मा पुसायला घेतला. जावईबापूला नवल वाटलं नाही. त्यानं गजर शेगडीपासून लांब, खोलीच्या दाराशी लावला आणि त्यात खिशातले नवे सेल घातले. रेडिओ आक्काचा आक्काकडे.

मग त्याची परीक्षा. धुरात दिसत नाही, म्हणून डोळे मिटून पलंगावरून उठायचं आणि रस्त्यावर यायचं. तो आकडे मोजणार. आक्का दाराशी अडली. आतून कुलूप, आणि किल्ली चोरांच्या धाकानं उशीखाली. शंभर झाले तरी दार बंदच. मी हसलो, तर त्यानं मलाच उठवलं. मी आधी चष्मा शोधला. मिटल्या डोळ्यांवर घालायला.

भाचा आक्काचं सामान बांधायला निघाला. जावईबापू म्हणाला, "महिनाभर थांबा. मी दर मंगळवारी येतो." त्या दिवशी त्याला सुट्टी असते, हे मला मागाहून कळलं.

किल्ली दाराशेजारी खिळ्यावर आली. आक्का रोज डोळे मिटून चालायची. शंभराचे साठ झाले, मग चाळीस.

महिन्यानं, मंगळवारीच, भाचा रिकामी बॅग घेऊनच आला. आक्का म्हणाली, "आधी तू करून दाखव. इथेच वाढलास ना?"

भाचा डोळे मिटून उठला, कपाटाला धडकला आणि न्हाणीघरात शिरला. तेवढ्यात त्याचा हात कुणीतरी धरला. आक्काच, तीही डोळे मिटलेली.

"वाक जरा. धूर वर असतो," ती म्हणाली. खिळ्यावरची किल्ली काढली, कुलूप उघडलं, आणि मायलेक रस्त्यावर.

"एकोणतीस," जावईबापू म्हणाला.

भाच्यानं डोळे उघडले, पण हात सोडला नाही. मग म्हणाला, "किल्ली तिथेच राहू दे, आई." बॅग रिकामीच परत गेली.

मंगळवार मात्र चालूच आहे. आता जावईबापू आक्काला घेऊन शेजारपाजारच्या घरी जातो. तो स्टूल मागतो, तोवर आक्का म्हणते, स्टूल राहू दे, आधी रेडिओ उघडा.