माझी अनवाणी जाऊ

माझी धाकटी जाऊ चंद्रा डोक्यावर मासळीची पाटी घेऊन भाट्याचा पूल धावत ओलांडायची. पायात काही नाही. पाऊल इतकं हलकं, की मागून आली तरी कळायचं नाही. मी चपला फटफटवत मागे. "भिकारीण दिसतेस," मी म्हणायचे. "दिसू दे. पडत तर नाय ना?" पडायचे मी.

माझी नात प्रज्ञा पोलीस भरतीसाठी धावायला लागली. जाड तळाचे बूट घेतले आणि दोन महिन्यांत नडग्या धरून बसली. भरती तोंडावर. डॉक्टरांनी सांगितलेली विश्रांती संपली, तरी धावली की पुन्हा दुखायचं. चंद्राने तिला समुद्राकाठच्या पुळणीवर नेलं, धावायला लावलं आणि नुसती तिची पावलं ऐकत उभी राहिली.

"काय गो, जमिनीवर राग हाय तुझा? टाच किती आपटतेस!"

"बुटात कळत नाही, आजी."

"मग काढ."

पोरीने काढले आणि त्याच दिवशी अख्खी पुळण धावली. पोटऱ्यांचे दगड झाले, तळव्यांना फोड आले. चंद्रा खेकसली, "काढ म्हटलं, उधळ म्हटलं नाय!" मग पंधरा दिवस तिला ओल्या वाळूवर नुसतं चालवलं. नंतर रोज थोडं थोडं धावणं, छोटी पावलं टाकत. नडग्या दुखायच्या थांबल्या.

भरतीची तयारी करून घेणारे सर घरी येऊन चंद्राला म्हणाले, "मावशी, तुमच्यापायी पोरगी लंगडी होईल."

"लंगडी तुमच्याकडून आली, मास्तर. माझ्याकडं धरून आणावी लागली."

प्रज्ञा भरतीला अनवाणीच धावली. बाकीच्या पोरी हसल्या. तिला घेतलं.

सगळ्यांनी बूट फेका असं मी सांगत नाही. चंद्राच्या तळव्यातही दोनदा काच गेली होती. तिने ती काढली आणि दुसऱ्या दिवशी पाटी उचलली.

गेल्या वर्षी ती गेली. तेराव्याला आमच्यात चपला आणि छत्री दान देतात, मेलेल्या माणसाचे पाय वाटेत पोळू नयेत म्हणून. दिराने नव्या चपला आणून ठेवल्या. प्रज्ञा रजा काढून आली होती. तिने त्या उचलून बाजूला केल्या.

"आजोबा, छत्री द्या. चपला नकोत."

भटजी म्हणाले, "अगं, ती वाट तापलेली असते."

"असू दे. पाय कुठं पडतोय ते तिला कळायला हवं."

घरात मी सगळ्यात मोठी. सगळे माझ्याकडे बघायला लागले.

मी म्हटलं, "छत्री पुरे."