आबांच्या खिशातले तीन फ्यूज

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. हे मी लाजत सांगत नाही. आई आणि आबा दर साली ऊस तोडायला जायचे, मी जिंतूरला मावशीकडे राहून शिकले, इंजिनिअर झाले आणि पुण्यात एका लहान कंपनीत लागले. शेतातली मोटार मोबाइलवरून चालू-बंद करणारा डबा तिथं बनतो. डब्याच्या आतलं सॉफ्टवेअर माझं. लाईट जाऊन परत आली की आधी मोटार चालू होती का बंद, हे डबा लक्षात ठेवतो आणि तसंच करतो. पहिला डबा मी आमच्याच मळ्यात बसवला. मग शेजारच्या चौघांनी घेतला, माझ्या शब्दावर.

एकच गोष्ट मला खटकायची. आमची मोटार विहिरीत, मधल्या टप्प्यावर आहे, आणि डबा वर लिंबाखालच्या खोलीत. मोटारीचं काही काम निघालं की आबा काठावरच्या फळीवरचे, डबा आणि मोटार यांच्या मधल्या तारेवरचे, तिन्ही फ्यूज उपटायचे, सदऱ्याच्या खिशात टाकायचे आणि मगच खाली उतरायचे. डबा येण्याआधी असंच, डबा आल्यावरही असंच.

त्या दिवशी सकाळी मोटारीचा दांडा जिथून बाहेर येतो तिथून पाणी गळत होतं. तिथं पाणी अडवायला दांड्याभोवती गुंडाळलेली दोरी बदलायची होती. म्हणजे बोटं थेट दांड्याला. मी मोबाइलवरून मोटार बंद केली आणि मोबाइल आबांच्या पुढ्यात धरला.

"हे बघा, बंद. आता फ्यूज काढायची काय गरज?"

"असू दे की, बाई."

"माझ्यावर भरवसा नाही का?"

"तुझ्यावर हाय. लाईटीवर न्हाई."

"लाईट जाऊ द्या नाहीतर येऊ द्या, डबा विसरत नाही. मी लिहिलंय ते."

आबा हसले. "बरं माय, इंजिनिअर तू, आमी अडाणी." आणि उतरायला लागले. दोन पायऱ्या गेले, थांबले, परत वर आले आणि फ्यूज उपटले. "हाताला सवय हाय, काय करू?"

मी रागानं खोलीच्या दारात जाऊन बसले. खालून आबांचा आवाज येत होता. जुनी दोरी निघत नव्हती, तिला शिव्या चालल्या होत्या. तेवढ्यात लाईट गेली. डब्याचा दिवा विझला, लगेच पेटला. आणि आतून आवाज आला, खट्ट.

तो आवाज मी ऑफिसात रोज ऐकते. डब्यानं मोटारीला करंट सोडला की तो येतो. माझ्या हातातला मोबाइल अजून 'बंद' दाखवत होता.

मी पळाले. किती पावलं होती, काही आठवत नाही. काठावर ओणवी होऊन ओरडले, "आबा, हात काढा! हात!"

त्यांनी दोन्ही हात वर केले. वंगणानं काळे झालेले. मी बोटं मोजली. खरंच मोजली.

"काय झालं? वाजलं का डब्यात?" ते म्हणाले.

"तुम्हाला कसं कळलं?"

"मागं दोनदा वाजलाय तसाच. मी खालीच व्हतो."

"मग सांगितलं का नाही?"

"तू लय खुशीत सांगायलीस समद्याला. म्हणलं, आपल्यालाच कळत नसंल."

मी तिथंच खाली बसले. चूक कुठं आहे ते मला बसल्या बसल्याच उमगलं. डब्याच्या मेमरीत सारखं लिहिलं तर ती लवकर झिजते. म्हणून हुकूम आला की तो लगेच पाळायचा, पण मेमरीत पाच मिनिटं थांबूनच लिहायचा, अशी युक्ती मी केली होती. ऑफिसात तिचं कौतुक झालं होतं. मोबाइलवर मात्र 'बंद' लगेच दिसायचं. त्या पाच मिनिटांत लाईट गेली की डबा जागा होताना जुनंच वाचणार: चालू. डब्यात काही बिघडलंच नव्हतं. मी लिहिलं तेच त्यानं केलं.

मग शेजारचे चौघे आठवले. चपला न घालता बांधावरून धावत त्यांतल्या एकाच्या, माझ्या चुलत्याच्या, विहिरीवर गेले. तो कडब्याच्या पेंढ्या बांधत होता.

"काका, विहिरीत उतरताना फ्यूज काढता ना?"

तो हसला. "आता कशाला? तुझा डबा आल्यापासून काढलेच न्हाईत. तूच म्हणलीस ना, काढायचे न्हाईत म्हणून?"

मी सांगितलं, "माझी चूक झाली. काढत जा." त्याच्या समोरच उरलेल्या तिघांना फोन लावले, मग ऑफिसला.

आता डबा 'बंद' आधी मेमरीत लिहितो, परत वाचून बघतो, मगच मोबाइलवर दाखवतो. जरा शंका आली तर मोटार बंदच ठेवतो. नवं सॉफ्टवेअर घेऊन गावी आले तेव्हा सगळ्यात आधी फळीवरचे फ्यूज काढले आणि मोबाइलवरून मोटार चालू-बंद करून लगेच मेन स्विच पाडत-उचलत राहिले, खांदा दुखेपर्यंत. लाईट परत आल्यावर डबा एकदाही वाजला नाही.

"म्हंजे आता झालं ना पक्कं?" आबा पायरीवर पाय ठेवून म्हणाले. "बसवायचे का मग फ्यूज जागेवर?"

मी तिन्ही फ्यूज त्यांच्या खिशात घातले.